थोरलीची डावी बाजू

३ फेब्रु., सोम.
चटणी आज परत तशीच ठेवली. लिंबाची फोड तशीच, मीठ तसंच, कोशिंबिरीला पाणी सुटून गेलं. भाजी, आमटी, भात मात्र चाटूनपुसून. मग चटणीनं काय घोडं मारलं? विचारलं तर म्हणते, "वाढलीच कुठं तू?" ताटात समोर दिसतीय, अन् वाढली कुठं.
ही माझी थोरली जाऊ. इथून पुढं नुसतं थो. लिहिणार, शाई वाचते. गेल्या आठवड्यात दवाखान्यातून आणली. डोक्यात रक्ताची गाठ अडकली होती. चालते, बोलते, डावा हात जरा ढिला पडलाय. सगळे म्हणतात देवानं वाचवलं. वाचवलं ते माझ्या चटणीला नावं ठेवायला.

५ फेब्रु., बुध.
शेंगदाण्याची नको म्हणून काल जवसाची केली. आज कारळाची. हात लावला नाही.
मला कळतं हे काय आहे. वाटणी झाली त्या साली माझ्या संजयच्या बारशाला थो. माझ्याकडं जेवून गेली अन् चटणी ठेवून गेली. सगळ्या पंगतीनं बघितलं. आमच्यात चटणी ठेवून उठणं म्हणजे वाढणारीचा अपमान, सांगावं लागत नाही. तेव्हा राग होता, समजू शकते. आता काय वाटायचं राहिलंय? गाव गेलं, वावर गेलं, बिल्डिंग झाली. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक तिचं, एक आमचं. भांडायला जिनासुद्धा उतरावा लागत नाही.
तिचा दत्ता कोथरूडहून येऊन तिच्या गॅसचा रेग्युलेटर काढून घेऊन गेला. एकटी असते, भीती वाटते म्हणाला. म्हणून दोन्ही वेळा माझ्याकडं. माझ्या हातचं खायचं अन् मलाच टोमणा.

७ फेब्रु., शुक्र.
सकाळी थो. लिफ्टसमोर उभी. पदर जमिनीवर लोळतोय. लिफ्ट उघडली, आत वरच्या मजल्यावरचे दोघं पुरुष. ही तशीच. जन्मात हिच्या डोक्यावरचा पदर ढळलेला मी बघितला नाही, आणि माझा ढळला म्हणून मला चारचौघांत बोललीय.
"आक्का, पदर."
"घेतलाय की."
मीच उचलून खांद्यावर टाकला. खांद्याला काळंनिळं. दाराच्या चौकटीला धडकली असणार. विचारलं तर, कुठं काय.
ऋतुजा, माझी नात, म्हणाली, "आज्जी, मोठ्या आज्जीला कॅटरॅक्ट असेल. साइडचं दिसत नसेल." कंपनीत जाते, शहाणी आहे. सोमवारी सुट्टी घेते म्हणाली.

१० फेब्रु., सोम.
डोळ्याचा दवाखाना. तास बसवलं. डॉक्टर म्हणाले डोळे चांगले आहेत, मोतीबिंदू नाही, काही नाही. पाटीवरची अक्षरं वाचून दाखव म्हटलं तर उजवीकडची वाचली, बाकीची सोडली. डॉक्टरांना वाटलं शिक्षण कमी. मलाही तसंच वाटलं, मी तरी कुठं चौथीच्या पुढं गेले.
येताना ऋतुजा पुढच्या रिक्षात, आम्ही दोघी मागच्या. मी थो.च्या डाव्या हाताला. मगरपट्ट्याच्या सिग्नलला थो. रिक्षावाल्याला म्हणते, "अरे बाबा, आमची शेवंता राहिली का मागं?"
"इथंच बसलेय मी."
"कुठं?"
रिक्षावाला आरशातून बघायला लागला. डोळे चांगले आहेत हे नुकतंच ऐकून आले होते. म्हणजे मुद्दाम. घर येईपर्यंत मी बोलले नाही. तिला त्याचंही काही नाही.

१२ फेब्रु., बुध.
मेथी निवडत बसले होते. थो. शेजारी. म्हणते, "शेवंते, हात काढ माझ्या मांडीवरनं. जड होतोय."
माझे दोन्ही हात मेथीत. उचलून दाखवले.
"मग ह्यो कुणाचा?"
"तुमचाच."
"माझा असता तर मला कळला नसता का?" मग हाताकडं नीट बघून, "माझ्या बांगड्या घालून बसलीय वर."
कुणाचा हात, कुणाच्या बांगड्या.   नाटक करणारा माणूस एवढं करत नाही.
भाजी तशीच ठेवली. ऋतुजाला सांगितलं, दत्ताला फोन लाव, आत्ता.

१५ फेब्रु., शनि.
मेंदूच्या डॉक्टरीणबाई. तरुण आहेत, पण माणसाकडं बघून बोलतात, कॉम्प्युटरकडं नाही. दत्ता आला होता.
थो.च्या डोक्याचा फोटो भिंतीवरच्या उजेडात लावला. फ्लॉवरचा गड्डा मधोमध चिरल्यासारखा. उजव्या कानाच्या वर, जरा मागं, एक डाग. म्हणाल्या, "इथलं रक्त बंद पडलं होतं. तेवढा भाग गेला."
मी विचारलं, डाग उजवीकडं, मग डावा हात का?
म्हणाल्या, वरून येणाऱ्या तारा मानेपाशी एकमेकींना ओलांडून जातात. उजवा मेंदू डावं अंग चालवतो, डावा उजवं. मला वायरमनची चूक वाटली. तर म्हणे, सगळ्यांचं असंच असतं, आजी, तुमचंही.
डोळा नुसता बघतो. बघितलेलं ध्यानात घ्यायचं काम त्या डागाच्या जागेचं होतं. डावीकडचं सगळं हिच्या डोळ्यात शिरतं, पुढं पोचत नाही.
दत्ता म्हणाला, "म्हणजे तिला डावीकडं अंधार दिसतो?"
बाई माझ्याकडं वळल्या. "आजी, तुमच्या पाठीमागं आत्ता काय दिसतंय तुम्हाला?"
"काही नाही."
"काळं दिसतंय का?"
"नाही. काहीच नाही."
"तसं. यांना डावीकडं अंधार नाही. डावीकडंच नाही."
मी मग चटणीचं विचारलं. दत्ता लाजला, काकू काय हे, म्हणाला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताट फिरवून बघा."
रात्री जेवण झाल्यावर ताट अर्धं फिरवलं. थो. बघते तर चटणी. "आत्ता वाढतीस होय? जेवण झाल्यावर?" बोटानं चाखली. "मीठ कमी हाय."
चला. एवढे दिवस चुलीपाशी जळत होते त्याचा हा निकाल.

१८ फेब्रु., मंगळ.
व्यायाम सांगितलेत. ताट फिरवायचं नाही, तिनं मान वळवून शोधायचं. आपण तिच्या डाव्या अंगाला बसायचं, तिकडूनच बोलायचं. डाव्या हातावर थापट्या मारायच्या. ताटाच्या डाव्या कडेला लाल टेप चिकटवलीय, टेप दिसेपर्यंत मान वळवायची.
सकाळपासून माझं एकच. आक्का, डावीकडं. अजून. अजून. टेप दिसली का.
"एवढी कशाला वळू? देऊळ हाय का तिकडं?"
जन्मभर मी तिच्या डोळ्यात खुपले. आता तिच्या त्या अंगाला बसले की मी नाहीच. ओरडून घसा बसला. सुंठ चघळतेय.

२१ फेब्रु., शुक्र.
परत बाईंकडं. मी विचारलं, डाग दुसऱ्या बाजूला असता तर उजवीकडचं असंच गेलं असतं का?
म्हणाल्या, एवढं नाही. डावा मेंदू फक्त उजवीकडं लक्ष ठेवतो. उजवा दोन्हीकडं ठेवतो. डावा गेला तर उजवा सांभाळून घेतो. उजवा गेला तर डावीकडचं बघायला कुणी उरत नाही.
मी म्हटलं, घरातल्यासारखंच. थोरली सून दोन्ही चुलींकडं बघते, धाकटी आपल्यापुरतं.
दत्ता हसला. मी धाकटी.
थो. म्हणते मला काही झालेलंच नाही. "मला काय धाड भरलीय? चालते, खाते." दत्ता समजावून दमला. बाई म्हणाल्या, हट्ट नाही तो, तोही त्या डागाचाच भाग. चोरी झाली हे राखणदार सांगणार, आणि चोरीला गेलाय राखणदारच. (हे मी माझ्या शब्दांत लिहिलं, त्या चांगलं बोलल्या होत्या.)
गुडघे. दोन्ही. दोन दवाखान्यांचे जिने.

२६ फेब्रु., बुध.
महाशिवरात्र. वरीचा भात, दाण्याची आमटी. डाव्या शेगडीवर आमटी उकळत होती. मी कोथिंबीर आणायला बाल्कनीत गेले, तेवढ्यात थो. ओट्यापाशी. चहा ठेवायचा होता म्हणे. उजवी शेगडी बरोबर पेटवली. पदर डाव्या खांद्यावरून सुटून दुसऱ्या शेगडीवर.
जळका वास आला म्हणून पळत आले. थो. उजवीकडं वळून विचारतेय, "काय जळतंय ग?" पदराचं टोक पेटलेलं, आणि ती उजवीकडं शोधतीय.
ओल्या फडक्यानं मारत सुटले. "मारतीस का ग मला," म्हणाली. खरंच दुखावली होती. मी कशावर मारते ते तिला दिसत नव्हतं, मी मारते एवढंच दिसत होतं.
अंगाला काही झालं नाही. पातळाची मात्र वाट लागली. तिचं आवडतं, चिंतामणी रंगाचं.
 उपासाचं मी खाल्लंच नाही.

१ मार्च, शनि.
दत्ता आला. "काकू, आता बास. मी आईला कोथरूडला नेतो."
नववा मजला. ती दोघं नोकरीला. दिवसभर बाई ठेवणार. ओट्याला दार बसवून घेणार, कुलूप घालणार. सगळा विचार करून आलाय. मुलगा वाईट नाही. म्हणाला, "तुमचं वय काय, तुम्ही किती बघणार?" बरोबर आहे. माझे गुडघे त्याच्याच बाजूचे.
तो गेल्यावर ऋतुजा विचारते, "आज्जी, पण तुला काय वाटतं?"
"मला झोप येते."
"सीरियसली सांग ना."
सीरियसलीच सांगितलं होतं.

४ मार्च, मंगळ.
बाईंकडं. दत्तानं कोथरूडचं सांगितलं. त्या म्हणाल्या, थांबा जरा. थो.ला म्हणाल्या, "आजी, डोळे मिटा. तुमचं जुनं गाव. वेशीतून आत शिरलात, देवळाकडं निघालात. काय काय लागतं सांगा."
थो. खुशीत. "सुताराचा कट्टा. मग गिरणी. तात्यांचा गोठा. चिंच. मग देऊळ आलंच."
मी ऐकत होते. सगळं उजव्या हाताचं. डाव्या हाताला आमचं घर, जिथं आम्ही दोघी सुना होऊन आलो. ते नाही. मला राहवलं नाही. "अन् आपलं घर, आक्का?"
डोळे मिटलेलेच. "असंल की. दिसंना."
ती गल्ली आता कुठंच नाही. तिथं आमच्याच बिल्डिंगच्या गाड्या उभ्या असतात. डोळे मिटून बघायचं, त्यालाही डावं-उजवं असेल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं मनातूनही काढून टाकलं घर हिनं.
बाई म्हणाल्या, "आता देवळात दर्शन झालं. परत वेशीकडं निघा."
"निघाले. कुंभारीण बसलीय. मग हौद. मग आपलं घर." हसली. "वट्यावर शेवंता बसलीय. तोंड फुगवून."
आता गिरणी नाही, चिंच नाही, तात्यांचा गोठा नाही. घर आहे.
बाई दत्ताला म्हणाल्या, "सगळं आत आहे. ज्या हाताला येतं त्यावर आहे. गेली ती आठवण नाही, तिथवर जायची वाट."
दत्तानं रुमाल काढला, नाक पुसलं. मी खिडकीबाहेर बघितलं. वट्यावर मी तोंड फुगवूनच बसायची, हे खरं आहे.
मग बाई म्हणाल्या, ओळखीच्या जागेत यांना शोधणं सोपं जातं, नव्या जागेत अवघड. पण शेगडीसारखं परत झालं तर? दोन्ही पारड्यांत वजन आहे. मी ठरवणार नाही. पुढच्या मंगळवारी सगळे या, मी आजींनाच विचारणार.
दत्ता म्हणाला, "तिला कळतं का पण?"
"बोलणं, समज, हिशेब, सगळं शाबूत आहे. आपल्याला काय झालंय तेवढं पटत नाही."
तेवढंच. ते तेवढंच केवढं मोठं आहे ते पातळाला विचारा.

७ मार्च, शुक्र.
दत्ता संध्याकाळी आला, अंजीर घेऊन. थो.च्या उजव्या हाताला बसला. "आई, येतेस ना कोथरूडला? तुझी खोली रंगवून घेतलीय."
"येते की. तू म्हणशील तसं."
त्याचा चेहरा फुलला. फोन आला म्हणून तो उठून बाहेर गेला. मी त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. मुद्दाम नाही, जवळची होती. बरं, मुद्दाम.
"आक्का, जाणार म्हणता?"
"कुठं?"
"कोथरूडला."
"मी कशाला जाऊ? इथं काय वाईट हाय? तू हाईस."
दत्ता दारात उभा होता. ऐकलं त्यानं. माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं. दोघांनाही कळलं काय झालं ते. उजवीकडं जो बसेल त्याचं खरं. वैतागून तो म्हणाला, "काकू, हे बरोबर नाही." मी म्हटलं, "तू काय केलंस मग?"
थो. अंजीर खात होती. उजवीकडचे.
तो गेल्यावर तिला एकटीला सोडून ओट्यापाशी उभं राहून विचारलं, समोरून, लांबून. "आक्का, कुठं राहायचं तुम्हाला?"
"माझ्या घरात. तेवढा गॅस जोडून दे. तुझ्या हातचं किती दिवस खायचं?"
म्हणजे दत्ताकडं नाही, माझ्याकडं नाही. तिसरंच. आणि तेच करता येत नाही.

९ मार्च, रवि.
दिवसभर पडून होते. ऋतुजानं खिचडी केली, करपवली. थो.नं अर्धी खाल्ली, टेपपर्यंत मान वळवली, उरलेली अर्धी दिसली, तीही खाल्ली. स्वतःहून वळली, कुणी सांगितलं नव्हतं. ऋतुजा टाळ्या वाजवायला निघाली, मी हात धरला. नजर लागते म्हणून नाही. आशा लागते.
तिचं सामान बघितलं. चार पातळं, औषधं, देवीचा टाक. एका पिशवीत मावतं. पिशवी काढली, भरली नाही. परत ठेवलीही नाही. कॉटवर आहे.
गेली तर मी झोपेन. हे लिहायला लाज वाटत नाही. राहिली तर मी किती दिवस पुरेन, ठाऊक नाही. आणि समोरचं दार बंद बघायची सवय मला होईल का, तेही ठाऊक नाही. त्या दाराशी भांडण्यातच जन्म गेला.

१० मार्च, सोम.
दत्ताला फोन केला. स्वतः केला, ऋतुजाकडून नाही. त्याला वाटलं मी भांडणार. म्हणाला, "काकू, मी सकाळी लवकर येतो, आईला आधी नीट समजावून सांगतो."
म्हटलं, काही समजवायचं नाही. तू नाही, मी पण नाही. घरी नाही अन् गाडीतही नाही.
तो म्हणाला, "ती काहीही बोलेल हो. गॅस जोडून द्या म्हणेल."
म्हणू दे. मग बाई आहेत, तू आहेस, मी आहे, तेव्हा बघू काय जमतं. पण आधी ती म्हणू दे.
 मग म्हणाला, "आणि तुम्ही तिचं मन फिरवलं तर?" सरळ विचारलं, बरं वाटलं. त्याच्या बापातही एवढी हिंमत नव्हती.
म्हणून असं ठरलं. ऋतुजालाही सांगून ठेवलं, तिला मधेमधे इंग्रजी बोलायची हौस आहे. उद्या बाईंनी समोर बसायचं. दत्ता आणि मी, दोघांनी थोरलीच्या डाव्या हाताला बसायचं, म्हणजे तिच्या लेखी खोलीत आम्ही नाहीच. खोकायचंसुद्धा नाही. बाई विचारतील, आणि उत्तर थोरलीनं द्यायचं. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही.